चढणीला लागलेले स्क्रू

भोसरी-चाकणकडच्या असेंब्ली शॉपमध्ये बाऊल फीडर दिसण्याआधी ऐकू येतो. घरघरणाऱ्या स्टीलच्या वाटीत किलोभर स्क्रू ओतलेले असतात आणि आतल्या भिंतीलगतच्या चक्री वाटेनं ते आपोआप वर चढत असतात. पट्टा नाही, साखळी नाही, मागून रेटणारं काही नाही. वाटीबाहेर पडतात ते मात्र एकामागून एक, डोकं वर आणि दांडा खाली.

वाटी तिरप्या बसवलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर उभी असते. खालचा इलेक्ट्रोमॅग्नेट तिला ओढतो तेव्हा पट्ट्या वाकतात, वाटी किंचित खाली बसते आणि जराशी मागे फिरते. ओढ सुटली की ती उसळून वर आणि पुढे येते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर हे सेकंदाला १०० वेळा घडतं, मध्ये डायोड घातला तर ५० वेळा. वाटी झटक्यात खाली जाते, स्क्रू क्षणभर अधांतरी राहतो आणि टेकतो तो केसभर पुढे. त्या केसभरांची बेरीज म्हणजे ती चढण.

पण खरी करामत वरच्या वळणावर आहे. एकावर एक चढलेले स्क्रू तिथली आडवी पत्र्याची पट्टी खाली लोटते. पुढे वाट इतकी अरुंद होते की आडवातिडवा स्क्रू तोल जाऊन पडतो. मग येते खाच: दांडा तिच्यात उतरतो, डोकं काठांवर अडकतं, स्क्रू लोंबकळत पुढे सरकतो. पडलेला पुन्हा तळापासून चढू लागतो. सेन्सर असतो तो रांग भरली की वाटी थांबवायला. स्क्रू सुलटा की उलटा, हे त्या वाटेचा आकारच ठरवतो.

तो आकार फिटरच्या हातातून उतरतो. गिऱ्हाइकानं पाठवलेले नमुने तो वाटीत ओततो, बघत राहतो, कानस चालवतो, कुठे वेल्डिंगचा ठिपका चढवतो, पुन्हा बघतो. स्प्रिंगची एखादी पट्टी वाढवून किंवा काढून वाटीची नैसर्गिक कंपनसंख्या विजेच्या ठोक्याजवळ आणतो. थेट विजेवर चालणारा असा जुळवलेला फीडर ६० हर्ट्झच्या अमेरिकेत नेला, तर ही जुळवणी पुन्हा करावी लागते. हे कसब ड्रॉइंगवर पुरतं मांडता येत नाही, आणि ते बहुतेक त्याच्या शेजारी उभं राहूनच शिकलं जातं. म्हणून त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न गंभीर आहे.

शिवाय वाटी हट्टी असते. तेलकट भाग वाटेला चिकटतात. मोल्डिंगची कड थोडी जाडावली की खाचेत अडकते आणि मागची रांग थांबते. कोरड्या हवेत हलके प्लास्टिकचे भाग स्थिर विजेनं एकमेकांना धरून बसतात. वाटी जास्त भरली तर वजन वाढून कंपनाची जुळणी बिघडते, रिकामी होत आली तर वेग बदलतो. भाग म्हणून ओतलेल्या उघड्या टोकांच्या स्प्रिंगा तर एकमेकींत अशा गुंततात की काही ठिकाणी शेवटी माणूसच बसवावा लागतो.

अभियंते जेफ्री बूथरॉइड यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लहान भाग सरकवण्या-वळवण्याच्या खाच-पट्टीसारख्या युक्त्यांची पद्धतशीर वर्गवारी केली. भाग एक तर पूर्ण सममित करा, नाही तर ठळकपणे असममित, असं त्यातून निघालेलं जुळणीसुलभ डिझाइनचं शास्त्र सांगतं. स्प्रिंगची टोकं बंद केली तरी निम्मं भांडण मिटतं. पण भागाच्या ड्रॉइंगवर सही होते दुसऱ्याच ऑफिसात, आणि फिटरपुढे नमुन्यांची पिशवी येते ती पुष्कळदा साचा तयार झाल्यानंतर.