शिट्टी झाली, आता गॅस बारीक
वरणाला उकळी फुटली तरी गॅस मोठाच ठेवायची आपल्याला सवय. पण उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर तापतच नाही. जास्तीची आच नुसती वाफ करते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आतलं तापमान फारसं उतरत नाही. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे मोजून घेतलेली उष्णता खिडकीबाहेर! (आमच्याकडे अजून शिट्ट्या मोजूनच स्वयंपाक होतो, ते सोडा.) हरभरे, राजमा रात्रीच भिजत घाला. आणि गॅस बंद केल्यावर झाकण उघडायची घाई नको, कोंडलेल्या वाफेवर डाळ शिजतच असते.