आडवा वारा आणि छोटे विमान

13 मे 2024 रोजी दुपारी मुंबईत अचानक वादळी वारा सुटला. घाटकोपरला अवाढव्य जाहिरातफलक कोसळून माणसे दगावली. विमानतळावरील वाहतूकही सुमारे तासभर थांबवावी लागली. अशा वाऱ्याचा सर्वांत जास्त जाच होतो तो उतरणाऱ्या दोन-चार आसनी विमानाला. का, ते पाहू.

नवी मुंबईच्या विमानतळावर, तसेच जुहूच्या जुन्या विमानतळावर, 08 आणि 26 क्रमांकांची धावपट्टी आहे. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरील 80 आणि 260 अंश. समजा, जुहूला एक विमान 260 अंशांकडे तोंड करून उतरते आहे आणि वारा 200 अंशांकडून, म्हणजे डावीकडून, 16 नॉट वेगाने येतो आहे. (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) दोन दिशांतील कोन 60 अंश, त्याचे साइन 0.87. म्हणून आडवा घटक 16 × 0.87, म्हणजे सुमारे 14 नॉट. सेसना-172 या छोट्या विमानाने चाचण्यांत 15 नॉटपर्यंतचा आडवा वारा झेललेला आहे. मग चिंता नाही?

करंजाहून रेवसला जाणारी होडी खाडीच्या ओढीविरुद्ध नाक थोडे तिरपे धरते आणि नेमकी धक्क्याला लागते. वैमानिकही तसेच करतो. पण होडी तिरपी लागली तरी चालते. विमानाची चाके तिरपी टेकली, तर त्यांवर बाजूने जबर ताण येतो आणि विमान पट्टीबाहेर घसरू शकते. म्हणून टेकण्यापूर्वी सुकाणूने नाक पट्टीच्या रेषेत आणायचे आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरायचा.

वारा एकसारखा असेल तर हे जमते. खरा घात करतात ते झोत. वरच्या उदाहरणात 26 नॉटचा झोत आला, तर आडवा घटक 22 नॉटच्या वर जातो. शिवाय पंखांची उचल हवेतील वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समोरचा झोत ओसरून हा वेग 60 वरून 50 नॉट झाला, तर उचल 36 : 25 या प्रमाणात घटते, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश नाहीशी होते. वारा पडताच पतंग गोता खातो, तसेच हे. पतंगाखाली मोकळे आकाश असते. इथे जमीन चार हातांवर असते.

चाके टेकली की संपले, असेही नाही. वेग मंदावतो तसा सुकाणूचा प्रभाव कमी होतो, आणि त्याच वेळी झोत पंख उचलू शकतो. विमान थांबेपर्यंत हात सैल सोडून चालत नाही.

म्हणूनच वैमानिकाला आधी शिकवतात ते उतरणे सोडून देणे. नाक रेषेत येईना, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे, एक फेरी मारायची, नाहीतर दुसरा विमानतळ गाठायचा. यात कमीपणा नाही. ‘आता आलोच आहोत, तर उतरू’ हा हट्टच अनेकदा अपघातापर्यंत नेतो.

साइनचा पाठ शिकवताना हे गणित वर्गात जरूर द्यावे. कोन 30 अंश केला तर आडवा घटक किती होतो, ते मुलांनाच काढू द्या.