गोधडीच्या आत काय घालावं?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं गोधडीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण न्यायशास्त्रात कारणांची चर्चा सुरू झाली की पहिलं उदाहरण येतं ते तंतू आणि पट यांचं, म्हणजे धागे आणि कापडाचं. तेव्हा आपण फार लांब आलेलो नाही.

आजचा प्रश्न असा. उबदार, दमट हवेत राहणाऱ्या माणसानं पांघरुणाच्या आत भरण कोणतं घालावं? दुकानात या भरणाला वॅडिंग किंवा बॅटिंग म्हणतात. बॅटिंग म्हटलं की आपल्याला क्रिकेटच आठवतं, ते सोडा. कापसाचं भरण मिळतं, पॉलिस्टरचं मिळतं, लोकरीचं मिळतं, हल्ली बांबूचंही मिळतं. आणि गिऱ्हाईक विचारतं, "यातलं गरम कुठलं, थंड कुठलं?"

आमच्या मते प्रश्न इथेच चुकतो. ऊब कापसात नसते आणि पॉलिस्टरमध्येही नसते. ती असते धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, म्हणून अंगाची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. नैयायिक म्हणतात, धागे हे कापडाचं समवायी कारण आणि धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. विणणारा, माग वगैरे निमित्त कारण. आता बघा, तोच पावशेर कापूस पिंजून फुगवला तर रजई होते, दाबून शिवला तर पातळ दुलई होते. द्रव्य तेच, संयोग बदलला. म्हणून पहिला निर्णय जाडीचा, दुसरा द्रव्याचा.

मग द्रव्याला काहीच महत्त्व नाही का? आहे, आणि उष्ण प्रदेशात तर फारच आहे. कारण तिथे खरी अडचण थंडीची नसून घामाची असते. कोरड्या धाग्याच्या वजनाच्या मानानं तो हवेतली किती ओल धरून ठेवतो, हे मोजता येतं. साधारण 65 टक्के आर्द्रतेला कापूस 7 ते 8 टक्के ओल धरतो, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे पॉलिस्टरच्या पांघरुणाखाली घाम आला की तो शोषायला कुणी नाही. माणूस मध्यरात्री पांघरूण फेकतो, पहाटे पुन्हा ओढतो. बांबूचं म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून काढलेलं व्हिस्कोज असतं. ओल ते कापसापेक्षा जास्त धरतं, पण नाव बांबूचं असलं तरी जात रेयॉनची.

पॉलिस्टरची बाजूही ऐकू या. ते हलकं असतं, लवकर वाळतं, गोळा होत नाही. नुसता पिंजलेला कापूस मात्र दाट टाके नसतील तर एका कोपऱ्यात जाऊन बसतो. आणि कोकणातल्या पावसाळ्यात कापसाची जाड रजई धुतली तर ती वाळणार कधी? आतून ओली राहिली की बुरशीचा वास येतो. म्हणजे दमट हवेत जाड कापूसही नको आणि पॉलिस्टरही नको. मग उरलं काय?

उरलं ते आपल्या आज्यांना माहीत होतं. भरण म्हणून कापडच घालायचं. आपली गोधडी किंवा वाकळ, बंगालची कांथा, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंडी, या सगळ्या मुख्यतः जुन्या कापडाच्या थरांवर उभ्या आहेत. जुनं सुती कापड शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं असतं आणि आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं. नवं कापसाचं भरण पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटू शकतं. पातळ थर धावदोऱ्यानं एकत्र बांधले की धुता येतात, आणि पावसाची उघडीप मिळाली की वाळतात.

मागच्या वेळी रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलं होतं. आई गेल्या, त्यांच्या साड्या आहेत. शिवणारी म्हणते, साड्या वर लावू आणि आत फायबर घालू, फुगीर दिसेल. काय करावं?

ताई, आधी साड्या तपासा. प्रत्येक साडीच्या काठाच्या आतून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली तर साडी सुती. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. ही साडी आत घालू नका, तिचे लहान तुकडे वरच्या बाजूला नक्षीला वापरा. सुती साड्यांपैकी सगळ्यात विरलेली आत आणि धड असलेल्या दोन वर-खाली. पाचवारी साडी मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की एक थर होतो. तुमच्याकडच्या हवेला तीन-चार थर पुरेत. फायबर नको.

नागपूरकडच्या श्रोत्यांचं वेगळं. तिथे हिवाळ्याची रात्र कोरडी आणि चांगली गार असते, तेव्हा कापसाची रजई हवीच. विकतचं कापसाचं भरण घेणार असाल तर चौरस मीटरला 100 ते 150 ग्रॅमचं पातळ घ्या, आणि दोन टाक्यांच्या ओळींत किती अंतर चालेल ते वेष्टनावर वाचा. दीड बाय सव्वादोन मीटरच्या दुलईला 120 ग्रॅमच्या हिशेबानं जेमतेम चारशे ग्रॅम भरण लागतं.

एक शंका राहते. आईची साडी आत घातली तर ती दिसणार नाही, मग उपयोग काय? आम्ही म्हणू, पट दिसतो तेव्हा तंतू वेगळे कुठे दिसतात? तरी त्यांच्यावाचून पट नाही. आठवण दिसायलाच हवी असेल तर साडी कपाटात ठेवावी. अंगावर घ्यायची असेल तर ती आत शोभते.

पुढच्या वेळी याच कारणविचारातलं निमित्त कारण घेऊ. प्रश्न असतील तर आता विचारा.