व्यस्त फल : रीती आणि तिची पूर्वअट

प्रस्तावना
बीजगणिताच्या अध्यापनात फलाचे व्यस्त काढण्याची रीती बहुधा ठरावीक कृतीच्या रूपाने सांगितली जाते. क्ष आणि य यांची अदलाबदल करावी व य ची किंमत काढावी, एवढेच विद्यार्थ्याच्या स्मरणात राहते. त्याला उत्तर मिळते. परंतु ते व्यस्त फलच आहे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

संकल्पना
मूळ क्रिया उलट क्रमाने उलगडणे हे व्यस्त फलाचे मर्म होय. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ. स. ११५०) या ग्रंथातील व्यस्तविधीत हाच विचार आढळतो : उत्तरापासून मागे जाताना गुणाकाराऐवजी भागाकार, बेरजेऐवजी वजाबाकी आणि वर्गाऐवजी वर्गमूळ घ्यावे. सेल्सिअस अंशांना ९/५ ने गुणून ३२ मिळविले असता फॅरनहाइट अंश येतात. उलट जाताना प्रथम ३२ वजा करून मग ५/९ ने गुणावे लागते. २१२ वरून १८० व त्यावरून १०० मिळतात. येथे अक्षरांची अदलाबदल करावी लागत नाही. ती केवळ लेखनाची प्रथा आहे. तसेच फ⁻¹ म्हणजे १/फ नव्हे.

पूर्वअट
खरी अडचण वर्गमूळापाशी येते. समजा,
फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + ७ = (क्ष − २)² + ३.
येथे फ(५) = १२ आणि फ(−१) = १२. म्हणजे १२ वरून मागे येताना दोन वाटा फुटतात. फलाला मात्र प्रत्येक घटकासाठी एकच प्रतिमा असावी लागते. म्हणून सर्व वास्तव संख्यांच्या प्रांतावर या फलास व्यस्त नाही. प्रांत क्ष ≥ २ एवढा मर्यादित केल्यास फल एकास-एक होते, त्याचा विस्तार य ≥ ३ असतो आणि
फ⁻¹(य) = २ + √(य − ३)
हे व्यस्त मिळते. प्रांत क्ष ≤ २ घेतल्यास वर्गमूळापूर्वी ऋण चिन्ह येते. चिन्हाची निवड सोडविणाऱ्याच्या इच्छेवर नसून प्रांतावर अवलंबून असते.

निष्कर्ष
अध्यापनात क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम फल एकास-एक आहे की नाही ते तपासावे, नंतर प्रांत व विस्तार निश्चित करावेत, मग समीकरण सोडवावे आणि शेवटी फ⁻¹(फ(क्ष)) = क्ष व फ(फ⁻¹(य)) = य यांचा पडताळा घ्यावा. त्रिकोणमितीय फलांच्या व्यस्तांचे मुख्य मूल्य-अंतराल का ठरवावे लागतात, याचेही उत्तर याच पूर्वअटीत आहे. ती बीजगणिताच्या टप्प्यावर स्पष्ट झाल्यास पुढे ते अंतराल निव्वळ पाठ करण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही.