चार पानांचा कट

कुस्ती पाहणाऱ्या कोल्हापूरकराला दोन जातींचे मल्ल चांगले ठाऊक असतात. एक गुण गोळा करत, दम राखून लढतो. दुसरा खासबागेच्या मातीत उतरतो तोच एका ठरलेल्या डावावर निकाल लावायला. तोवर तो मार खाईल, मागे सरकेल, पण नजर त्या एका पकडीवर असते. ट्रेडिंग कार्ड गेममधला कॉम्बो डेक या दुसऱ्या जातीचा. प्रतिस्पर्ध्याला थोडं थोडं झिजवण्यात त्याला रस नसतो. ठरावीक दोन-चार पानं हाती येईपर्यंत तो तग धरतो आणि ती आली की एकाच खेळीत सामना संपवतो.

हरणाऱ्याला हे फार लागतं. म्हणून कॉम्बो डेकबद्दल जितके गैरसमज आहेत, तितके दुसऱ्या कुठल्या डेकबद्दल नसतील.

मुळात घोटाळा होतो तो ‘पत्ते’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर बावन्न पानांचा कॅट येतो म्हणून. मेंढीकोट, झब्बू, रमी, बदाम सात या सगळ्यांत कॅट एकच, सर्वांचा सामाईक. पिसायचा, वाटायचा आणि जे आलं त्यावर खेळायचं. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेलं तर तिथल्या दशावतारी गंजिफ्यातही तेच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा. कुठलं पान पडलं आणि कुठलं उरलं हे लक्षात ठेवणाऱ्याचा हा खेळ आहे, आणि सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने हाताने पत्ते रंगवण्याची कला पाठबळ देऊन टिकवली म्हणून तो आज पाहायला तरी मिळतो. पण तिथेही कौशल्य सुरू होतं पानं वाटून झाल्यावर.

१९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आणला आणि हा क्रम उलटा केला. इथे प्रत्येक खेळाडू आपला डेक घरून बांधून आणतो. हजारो निरनिराळ्या पानांतून निदान ६० निवडायची, आणि जमिनीची मूळ पानं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार ठेवायची. म्हणजे निम्मा खेळ प्रतिस्पर्धी समोर बसण्याआधीच झालेला असतो. गारफिल्डची डॉक्टरेट संयोगगणितातली होती, हा योगायोग वाटत नाही.

‘पानं आली म्हणून जिंकला, नशीब’ हा पहिला आरोप. तो पसरवण्यात ‘यू-गी-ओह’ या कार्ड गेमच्या कार्टूनचा हात मोठा आहे. त्याच्या पहिल्याच भागात नायक युगी प्रतिस्पर्धी काइबासमोर हरत आलेला असतो, शेवटचं पान ओढतो आणि एक्झोडिया या राक्षसाचे पाचही तुकडे हातात जमतात. पाच जमले की सामना जिंकला, हा नियम खऱ्या खेळातही आहे. पण प्रत्येक तुकड्याचं एकच पान डेकमध्ये ठेवता येतं. ४० पानांच्या डेकमधून पहिल्या पाच पानांतच पाचही येण्याची शक्यता ६,५८,००८ मध्ये १ एवढी आहे. एवढ्या श्रद्धेवर कुणी स्पर्धेला जात नाही. खरा एक्झोडिया डेक उघडून पाहिला तर त्यात राक्षस कमी आणि ‘आणखी पानं ओढा’ असं सांगणारी पानं ठासून भरलेली दिसतात.

मॅजिकमधला हिशेब तर कागदावरच करता येतो. ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन पानं जमली की विजय, असा कॉम्बो धरू. ६० पानांत दोन्हींची प्रत्येकी चार. सुरुवातीच्या सात पानांत ‘अ’ निदान एकदा दिसण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही दिसण्याची मात्र जेमतेम साडेचौदा टक्के, म्हणजे सात सामन्यांत एकदा. आणखी तीन पानं ओढून एकूण दहा पाहिली तरी ती साडेसव्वीस टक्क्यांवरच पोचते. इतक्यावर डेक बांधणं वेडेपणाच.

आता त्याच डेकमध्ये ‘अ’चं काम करणारी किंवा ‘अ’ला शोधून आणणारी आणखी चार पानं घाला, आणि ‘ब’साठीही तशीच चार. दहा पानांत दोन्ही बाजू जुळण्याची शक्यता एकदम ६१ टक्क्यांवर जाते. नशीब तेच, पिसणारे हात तेच. बदलली ती फक्त आठ पानं. शिवाय पहिला हात पसंत पडला नाही तर तो परत पिसून नवा घेता येतो, मात्र एका पानाचा तोटा सोसून. कधी तो तोटा पत्करायचा, हे कॉम्बो खेळाडूचं पहिलं कौशल्य. नशिबाचा वाटा उरतोच, नाही असं नाही. पण रमीत जोकर येण्याची वाट पाहणाऱ्यापेक्षा या खेळाडूने त्याला बराच कोपऱ्यात रेटलेलं असतं.

दुसरा आरोप लबाडीचा. ‘असं कसं चालेल? नियमातली पळवाट आहे ही!’

यासाठी अगदी जुना, १९९३ चाच कॉम्बो पाहावा. चार पानं : माउंटन ही जमीन, ब्लॅक लोटस, चॅनल आणि फायरबॉल. प्रत्येक खेळाडूकडे सुरुवातीला २० जीव असतात आणि पानं खेळायला मॅना नावाची शक्ती लागते. ब्लॅक लोटस खर्ची घातला की एका रंगाचे तीन मॅना मिळतात; ते हिरवे घ्यायचे. दोन हिरवे देऊन चॅनल खेळायचं. चॅनल म्हणतं, या खेळीत एक जीव द्या, एक मॅना घ्या. वीसपैकी १९ जीव देऊन १९ मॅना, अधिक उरलेला एक हिरवा, असे झाले २०. माउंटनच्या एका लाल मॅनावर फायरबॉल पेटतो आणि बाकीचे वीसच्या वीस त्यात ओतता येतात. प्रतिस्पर्ध्याचे २० जीव गेले. त्याने अजून एकही पान टाकलेलं नाही.

यात लबाडी कुठे आहे? प्रत्येक पानाने आपल्यावर छापलेलं तेच केलं. चूक असलीच तर ती नियम करणाऱ्यांची, आणि त्यांनी ती सुधारलीही. आरंभी एका पानाच्या कितीही प्रती ठेवता येत होत्या. चारची मर्यादा १९९४ मध्ये स्पर्धांच्या नियमांतून आली. ब्लॅक लोटस आणि चॅनल आज बहुतेक प्रकारांत बंद आहेत, आणि व्हिंटेज या ज्या प्रकारात चालतात तिथे प्रत्येकी एकच ठेवता येतं.

‘इन्फिनिट कॉम्बो’ या शब्दानेही बराच गोंधळ घातला आहे. डिसीव्हर एक्झार्क नावाचा प्राणी मैदानात आला की वापरून आडवं झालेलं एखादं पान पुन्हा उभं करतो. त्याच्यावर स्प्लिंटर ट्विन हे पान चढवलं की तो आडवा होऊन स्वतःची एक प्रत काढू शकतो. प्रत मैदानात येते आणि मूळ एक्झार्कला उभं करते. तो पुन्हा प्रत काढतो. प्रती त्याच खेळीत हल्ला करू शकतात, तेव्हा पुढचं सांगायला नको. मात्र ‘अनंत प्रती’ असं कुणाला म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे खेळाडूला आकडा सांगावा लागतो : हजार म्हणा, दहा लाख म्हणा. आणि एखादं चक्र असं सुरू झालं की कुणालाच ते थांबवता येत नाही, तर सामना चक्क बरोबरीत सुटतो. या खेळाच्या नियमांतून संगणकाची कोणतीही आकडेमोड उभी करता येते, असं २०१९ मध्ये तीन संशोधकांनी दाखवून दिलं. पळवाटांवर तगलेल्या खेळाकडून एवढी शिस्त अपेक्षित नसते.

कॉम्बो खेळाडू एकटाच खेळतो, समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, अशीही एक समजूत आहे. तिला उत्तर म्हणून १९९७ ची पॅरिसची प्रो टूर स्पर्धा सांगितली जाते. माइक लाँगने ती ‘प्रॉसब्लूम’ नावाच्या कॉम्बो डेकने जिंकली. मोठा मॅना जमवायचा आणि शेवटी ड्रेन लाइफ या पानाने घाव घालायचा, अशी त्याची रचना. अंतिम सामन्यात मॅना मिळवण्यासाठी त्याने हातातली पानं खर्ची घातली, त्यांत डेकमधलं एकमेव ड्रेन लाइफही होतं; आणि तरीही चेहऱ्यावर काही न दाखवता तो असा खेळत राहिला की समोरच्याने हार मानून पानं आवरली, असं या खेळाच्या वर्तुळात आजही रंगवून सांगतात. घाव घालायला हातात काही नसताना जिंकलेला हा डाव समोरचा माणूस वाचल्याशिवाय जमत नाही.

शिवाय प्रतिस्पर्धी काही हातावर हात ठेवून बसत नाही. फोर्स ऑफ विल हे १९९६ चं पान एक जीव आणि हातातलं दुसरं एक निळं पान देऊन, मॅना न खर्चता खेळता येतं आणि समोरचं पान हाणून पाडतं. सामना तीन डावांचा असतो, आणि पहिल्या डावानंतर प्रत्येकाला बाजूला ठेवलेल्या १५ पानांतून बदल करता येतात. पहिल्या डावात कट उघडा पडला की दुसऱ्यात समोरून त्यावरचा उतारा येणार, हे धरूनच बसायचं. कधी थांबायचं, कधी आमिष म्हणून अर्धा कॉम्बो टाकायचा, यातच बहुतेक सामन्यांचा निकाल लागतो.

‘श्रीमंतांचा खेळ’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. २०२३ मध्ये ‘द वन रिंग’चं जगात एकमेव असलेलं पान पोस्ट मलोन या गायकाने वीस लाख डॉलरला घेतलं. पण संग्राहकाची किंमत वेगळी आणि पानाची ताकद वेगळी. पोकेमॉनच्या पहिल्या संचात मुलं चारिझार्डच्या पानासाठी जीव टाकत होती. स्पर्धांमध्ये मात्र हिटमॉनचॅन, इलेक्टाबझ यांसारखी पानं घेऊन बांधलेला डेक दबदबा राखून होता. मॅजिकमध्ये तर ‘पॉपर’ नावाचा प्रकारच आहे, ज्यात केवळ ‘कॉमन’ दर्जाची, म्हणजे बहुधा अगदी स्वस्त पानं चालतात. तिथेही कॉम्बो इतका माजला की २०१३ मध्ये ग्रेपशॉट आणि एम्प्टी द वॉरेन्स ही दोन पानं बंद करावी लागली. ग्रेपशॉटचा मार फक्त एका जिवाचा. पण त्याच खेळीत आधी जितकी पानं खेळली असतील, तितक्या त्याच्या प्रती निघतात.

शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी चकचकीत सोनेरी पोकेमॉन कार्डं मात्र या हिशेबात धरू नयेत. ती नकली असतात आणि अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. मधल्या सुट्टीत खेळायला हरकत कुणाची?

राहिला जुगार. घरातल्या मोठ्यांची खरी भीती हीच, आणि ती अगदीच अनाठायी नाही. कायदा पानांकडे पाहण्याआधी पैशाकडे पाहतो. १९६८ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानी खेळापासून तो वेगळा काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने मात्र पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायलाच बंदी घातली. कौशल्य की नशीब हा भेद तिथे उरला नाही. टेबलावर, पैज न लावता खेळलेला कॉम्बो डेक यातल्या कशात बसत नाही. नशिबाचा खरा सौदा असतो तो बंद पाकीट विकत घेताना, कारण आत कुठलं पान निघेल हे फोडेपर्यंत कळत नाही. अनुभवी खेळाडू म्हणूनच डेकसाठी पाकिटं फोडत बसत नाहीत, हवी ती सुटी पानं घेतात. पालकांनी चौकशी करायचीच तर कॉम्बोची नको, महिन्याला किती पाकिटं फोडली त्याची करावी.

शेवटी ‘कॉम्बोला तोड नाही’ ही समजूत. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘अर्झाज सागा’ हा संच आला आणि टोलेरियन अकॅडमी या जमिनीच्या जोरावर सामने दुसऱ्या-तिसऱ्या खेळीत, कधी पहिल्याच खेळीत संपू लागले. खेळाडू त्या काळाला आजही ‘कॉम्बो विंटर’ म्हणतात. टोलेरियन अकॅडमीवर बंदी आली. पुढच्या संचातलं मेमरी जार हे पान तर बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच १९९९ मध्ये तातडीने बाद करावं लागलं. स्प्लिंटर ट्विनवर मॉडर्न या प्रकारात जानेवारी २०१६ मध्ये बंदी आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये उठली. परत आल्यावर त्याने मॉडर्न गिळून टाकलं नाही. मधल्या जवळजवळ नऊ वर्षांत इतर डेक वेगवान झाले होते आणि एक-दोन मॅनात एक्झार्कचा काटा काढणारी पानं बहुतेकांच्या हातात होती. चार मॅना देऊन त्याच्यावर ट्विन चढवेपर्यंत खाली एक्झार्कच उरत नव्हता.