फोनचाही सातबारा असतो

१० जानेवारीची सकाळ. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात तो मोटारसायकल लावून आत आला. लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढणारा, शेजारच्या गावातला पोरगा. दोन दिवसांवर जिजाऊ जयंती होती. १२ जानेवारीला सिंदखेडराजात माणसांचा केवढा समुद्र लोटतो, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवसाचं चित्रीकरण आणि थेट प्रक्षेपण त्याने एका मंडळाकडून घेतलं होतं. हातातला आयफोन काउंटरवर ठेवत तो म्हणाला, ‘भाऊ, रात्री अपडेट मारला. सकाळपासून सिमच घेईना. पाहा बरं काय झालं.’

पडद्यावर ओळ होती, ‘सिम नॉट सपोर्टेड’. मी माझं सिम घालून पाहिलं, दुसऱ्या कंपनीचं घालून पाहिलं. तीच ओळ. वायफाय जोडलं तर सगळं चालत होतं, कॅमेराही झकास. फक्त फोन म्हणून तो फोन उरला नव्हता. कॉल नाही, मेसेज नाही, बँकेचा ओटीपी नाही.

‘कुठून घेतला?’

‘दिवाळीच्या आधी, शहरातून. रिफर्बिश्ड आहे. एकवीस हजार. तीन महिने मस्त चालला ना भाऊ.’

मी सिमचा ट्रे पुन्हा ओढला आणि दिव्याखाली धरला. त्याच्या सिमखाली नखाएवढी, कागदासारखी पातळ, सोनेरी रेघांची एक पट्टी चिकटलेली होती. मी ती चिमट्याने उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. आपल्या फोनमध्ये अशी काही वस्तू आहे, हे त्याला तीन महिने माहीतच नव्हतं.

बीबीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान २००६ पासून आहे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. ये-जा करणारी माणसं थांबतात, बंद पडलेला मोबाईल दाखवतात. फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, पाण्यात पडलेला बोर्ड, हे आजार डोळ्यांना दिसतात. हा आजार दिसत नाही. गेल्या काही वर्षांत तो वारंवार समोर येतो आहे आणि प्रत्येक वेळी माणूस तेच म्हणतो, ‘अचानक लॉक झाला.’ म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. फोन अचानक लॉक झालेला नसतो. तो आधीपासून लॉक असतो. ते आपल्याला उशिरा कळतं.

अमेरिकेत बरेचसे फोन मोबाईल कंपनीच हप्त्यांवर देते. दोन-तीन वर्षांत पैसे फिटतात. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून त्या फोनला कुलूप असतं. त्यात फक्त त्याच कंपनीचं सिम चालतं. हेच नेटवर्क लॉक. २९ जून २००७ ला पहिला आयफोन विक्रीला आला तोसुद्धा एकाच अमेरिकी कंपनीला बांधलेला होता, आणि दोनच महिन्यांत जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ते कुलूप उघडून दाखवलं. पुढे सरकारांनीही लक्ष घातलं. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून असे बांधलेले फोन विकणं थांबवलं, ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून. अमेरिकेत मात्र ते अजून विकले जातात.

आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजला नाही. रिलायन्सने २००३ साली ५०१ रुपये भरून घेऊन घरोघर पोचवलेले सीडीएमए फोन आठवतात? त्यात दुसऱ्या कंपनीची सेवा घेता येत नव्हती. २०१७ चा जिओफोनही जिओच्याच सिमवर चालायचा. पण हे सगळं उघड होतं. घेणाऱ्याला ठाऊक होतं. इतर फोन आपण घेतो तेव्हा कुठलंही सिम घालतो आणि चालू करतो. त्यामुळे फोनला असं कुलूप असू शकतं, ही शंकाच आपल्या मनात येत नाही. परदेशातले जुने फोन लॉटने इथे येतात, पुसून-पॉलिश करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जातात, आणि आपली हीच निःशंक सवय विकणाऱ्याच्या कामी येते.

आता ती सोनेरी पट्टी. आमच्या धंद्यात तिला आरसिम किंवा नुसतं ‘चिप’ म्हणतात. ती सिम आणि फोन यांच्या मध्ये बसते आणि फोनला खोटं सांगते की आत आलेलं सिम तुझ्या मूळ अमेरिकी कंपनीचंच आहे. फोन विश्वास ठेवतो, नेटवर्क येतं. आयफोन बनवणारी ॲपल कंपनी अपडेट देते तेव्हा अशा पळवाटा बुजवते. मग चिपचं खोटं पकडलं जातं आणि फोन सिम नाकारतो. या पोराचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरा प्रकार चिपशिवायचा. आयफोन पूर्ण रिसेट केला की सुरू होताना तो ॲपलच्या सर्व्हरला आपला क्रमांक सांगतो आणि विचारतो, माझ्यावर बंधन आहे का? त्या नोंदीत ‘आहे’ असं असेल, तर तो फोन बांधला जातो. म्हणजे कुलूप तुमच्या हातातल्या वस्तूत नाही, हजारो मैलांवरच्या नोंदवहीत आहे. मी कितीही सॉफ्टवेअर मारलं, बोर्ड खोलला, तरी त्या नोंदवहीपर्यंत माझा चिमटा पोचत नाही.

त्या पोराला मी शेतीच्या भाषेत सांगितलं. ‘तुझ्या बापाने कधी सातबारा न बघता जमीन घेतली असती का? रान किती काळं आहे, विहिरीला पाणी किती आहे, हे बघूनही माणूस तलाठ्याकडे जातो आणि इतर हक्कात बोजा आहे का ते पाहतो. बोजा असला तर जमीन कितीही चांगली असो, अडकते. तू रान पाहिलंस, सातबारा पाहिला नाहीस.’

हा सातबारा कुठे पाहायचा? आयफोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन जनरल आणि मग अबाउट उघडा. खाली ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर फोन मोकळा. ‘सिम लॉक्ड’ असेल तर सिम चालत असलं तरी फोन घेऊ नका. चिप घातलेल्या फोनमध्येही ही ओळ बहुतेक वेळा खरं बोलते. या पोराच्या फोनमध्ये ती पहिल्या दिवसापासून बोलत असणार, कुणी वाचली नव्हती. त्याच पानावर मॉडेल क्रमांक असतो. त्याच्या शेवटच्या तिरप्या रेघेआधी ‘एचएन’ असेल तर फोन भारतात विकण्यासाठी आलेला, ‘एलएल’ असेल तर अमेरिकेचा. क्रमांकाचं पहिलं अक्षर ‘एम’ असेल तर फोन नवा म्हणून विकलेला, ‘एफ’ असेल तर कंपनीनेच रिफर्बिश केलेला, ‘एन’ असेल तर बदलून दिलेला. आणि आयफोन १४ ला सिमचा ट्रेच नसेल, तर तो अमेरिकेचा आहे हे डोळे झाकून ओळखा.

अमेरिकेत मोबाईल कंपन्यांसाठी बनलेल्या सॅमसंगच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ येतं. असा फोन लॉक असेल तर आपलं सिम घातल्यावर तो नेटवर्क अनलॉक पिन मागतो. तिथे अंदाजाने आकडे मारत बसू नका. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते, आणि ती संपली की खरा पिन मिळूनही उपयोग होत नाही.

‘सिम घेत नाही’ या एका तक्रारीखाली वेगवेगळे आजार येतात, तेही ओळखायला शिका. आधीच्या मालकाचा आयडी आणि पासवर्ड मागत असेल तर ते खात्याचं लॉक; ते फक्त जुना मालकच काढू शकतो. हप्ता भरा असं पडद्यावर येत असेल तर फोन कुणाच्या तरी कर्जात अडकलेला आहे. आणि भारतातल्या कुठल्याच कंपनीचं नेटवर्क येत नसेल, तर तो चोरीचा म्हणून बंद केलेला असण्याची शक्यता आहे.

चोरीच्या फोनसाठी आपल्याकडे आता चांगली सोय आहे आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. सीईआयआर ही फोनच्या क्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वात आधी आपल्या राज्यात सुरू झाली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून ती देशभर खुली झाली. *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय दिसेल. केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर मेसेज करा. फोन ब्लॅकलिस्टेड आहे किंवा तोच क्रमांक दुसरीकडे वापरात आहे असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा. पण एक लक्षात घ्या: ही नोंदवही चोरी आणि नकली क्रमांक सांगते, परदेशी कंपनीचं लॉक सांगत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या करायच्या.

आयएमईआयची किंमत मला २००९ ने शिकवली. त्या वर्षी ३० नोव्हेंबरनंतर आयएमईआय नसलेले फोन बंद होणार होते, आणि आमच्या भागात स्वस्त चिनी फोन घरोघर होते. १९९ रुपयांत अधिकृत क्रमांक टाकून देणारी केंद्रं तेव्हा शहरांत होती, खेड्यातली माणसं माझ्या दुकानासमोर चिंतेने उभी होती. आज कुणी ‘क्रमांक बदलून देतो’ म्हणालं तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या धंदेबंधूंनाही हात जोडून सांगतो, दोन हजारांसाठी हे काम घेऊ नका.

मग लॉक फोन घेऊन बसलेल्याने काय करायचं? लॉक उघडण्याचा अधिकार त्या मूळ मोबाईल कंपनीचा. ॲपल स्वतःहून ते उघडत नाही. आणि कंपनी सहसा तिच्या खातेदाराचंच ऐकते, तेही बाकी फिटलेली असेल तर. बीबीत बसलेला माणूस तो खातेदार कुठून होणार? इंटरनेटवर ‘आयएमईआय पाठवा, पैसे भरा, अनलॉक करतो’ म्हणणाऱ्यांकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एकाचे चार हजार गेले, फोन तसाच राहिला. खरा रस्ता एकच, तो विकणाऱ्याच्या दारातून जातो.

पोराला मी सांगितलं, आता रिसेट करू नको, फोन कुणाला उघडू देऊ नको. सिम लॉक्डच्या ओळीचा फोटो काढ, पट्टीचा फोटो काढ. त्याच्याकडे बिल नव्हतं. दुकानदाराने ‘जीएसटी वाचेल’ म्हणून दिलंच नव्हतं. तो खचला होता. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. शिवाय यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद होती, व्हॉट्सॲपवर ‘ओरिजिनल, फुल्ली अनलॉक्ड’ असा दुकानदाराचा मेसेज होता. एवढं पुरे होतं. मी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावून दिला, तक्रार नोंदवली. पुढची पायरी बुलडाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

बारा तारखेला त्याने मित्राच्या हॉटस्पॉटवर प्रक्षेपण केलं आणि कॉलसाठी बटणाचा फोन खिशात ठेवला. काम झालं. दुकानदाराने आधी हात वर केले. तक्रारीचा क्रमांक आणि लेखी नोटीस गेल्यावर फोन परत घेऊन सोळा हजार दिले. पाच हजार बुडाले. दोन लग्नांची कमाई.

जुना फोन घेणं वाईट नाही. चांगला रिफर्बिश्ड फोन गरजू पोरापोरींच्या हातात शिक्षण आणि रोजगार देतो, मी स्वतः असे फोन विकतो. फक्त पैसे देण्याआधी दहा मिनिटं काढा. ट्रे ओढून सिमखाली काही चिकटलेलं नाही ना पाहा. कॅरिअर लॉकची ओळ वाचा. विक्रेत्यासमोरच फोन पूर्ण रिसेट करायला लावा, मग आपलं सिम घालून कॉल करा. बोजा असेल तर तो तिथेच उघडा पडतो. आयएमईआय मेसेज करून तपासा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर आयएमईआय आणि ‘नेटवर्क लॉक नाही’ हे दोन्ही लिहून घ्या. जो दुकानदार एवढं लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून फोन घेऊ नका.