पिकअपची केबिन सुधारायचीय? आधी तिची भावंडं शोधा!

बंगळुरूतल्या पिकअपवाल्या मराठी मंडळींनो, आतून गाडी छान करायला महागड्या किटची गरज नाही. एकाच पायावर बांधलेल्या गाड्यांचे बरेच भाग एकमेकींना बसतात.

🔧 महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे – पुढची केबिन स्कॉर्पिओचीच.
🔧 इसुझू व्ही-क्रॉस – एमयू-एक्स बघा.
🔧 टोयोटा हायलक्स (भारतात २०२२ पासून, बंगळुरूजवळच्या बिडदीत तयार होते) – फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा.

सुरुवात सोप्या कामांनी करा: आरसा असलेला सनव्हायझर, छताचा दिवा, पकडायचं हँडल, गिअर नॉब, दारातले पॅड. वरच्या श्रेणीच्या मॉडेलमधले हे भाग बहुतेक वेळा स्क्रू आणि क्लिपांवरच बसतात.

नवे सुटे भाग जे. सी. रोडला, जुने शिवाजीनगरच्या गुजरीत शोधा. आपला जुना भाग सोबत न्या. मागचा पार्ट नंबर, स्क्रूची भोकं आणि कनेक्टरच्या पिना जुळवूनच पैसे द्या. मॉडेलचं वर्षही विचारा. गाडीचं रूप बदललं की क्लिपाही बदलू शकतात.

⚠️ वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जादा दिव्याला योग्य क्षमतेचा वेगळा फ्यूज द्या. एअरबॅग, सीटबेल्ट आणि सीटचे बोल्ट यांना घरी हात लावू नका. पिवळा कनेक्टर दिसला की थांबा, तो सहसा एअरबॅगचा असतो. मूळ रचनेत बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा.

तुमच्या गाडीत दुसऱ्या कोणत्या गाडीचा भाग नेमका बसला? मॉडेल आणि वर्षासह खाली लिहा, इतरांचे पैसे वाचतील.